चरबी, फेल्ट आणि सात हजार झाडं : योझेफ बॉइसच्या मागावर जर्मनीत

जर्मन शिल्पकार योझेफ बॉइसचं काम फक्त फोटोत पाहिलं तर हाती फार थोडं लागतं. करड्या फेल्टचे (दाबून घट्ट केलेल्या लोकरी कापडाचे) ढीग, मळकट पिवळी चरबी, तांब्याचे पत्रे, खडूने भरलेले फळे. फोटोत वास येत नाही, फेल्टच्या ढिगाजवळ उभं राहिल्यावर आवाज कसा दबतो ते कळत नाही. म्हणून जर्मनीत जाऊन पाहायचं. पण बहुतेकजण बर्लिनचं हांबुर्गर बानहोफ संग्रहालय बघून थांबतात. तिथली मोठी शिल्पं पाहण्यासारखीच आहेत, पण तिथे शिल्पकार भेटतो, शिक्षक भेटत नाही. आणि बॉइसने १९६९ च्या एका मुलाखतीत स्वतःच सांगून ठेवलंय की शिक्षक असणं हीच त्याची सर्वांत मोठी कलाकृती. हे वाक्य शब्दशः खरं धरून आखलेला हा मार्ग: खालच्या ऱ्हाईन खोऱ्यात सुरुवात, कासेलच्या झाडांपाशी शेवट.

प्रवासाचं थोडक्यात: मुंबईहून फ्रँकफर्टला थेट विमान आहे आणि विमानतळाच्या स्टेशनातूनच ड्युसेलडॉर्फची गाडी मिळते. आतल्या छोट्या प्रवासांना डॉइचलँड तिकीट हा महिन्याचा पास परवडतो. प्रादेशिक गाड्या, बस, ट्राम सगळं त्यात येतं, आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या मात्र नाहीत. हे तिकीट दरमहा आपोआप पुढे चालू राहतं. त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसेही जातात. संग्रहालयं सोमवारी बंद असतात, म्हणून मंगळवारी सुरुवात करावी.

मंगळवार : क्रेफेल्ड

बॉइसचा जन्म इथला, १२ मे १९२१ चा. पण तो काही महिन्यांचा असतानाच कुटुंब क्लेवेला गेलं, त्यामुळे जन्मगाव म्हणून क्रेफेल्डमध्ये फार शोधत बसू नये. यायचं ते कैसर विल्हेल्म संग्रहालयासाठी. इथली त्याची दालनं त्याने १९८४ मध्ये स्वतःच्या हाताने मांडली. मधोमध आहे ते ‘बाराक डी’डल ओड’, १९६१ ते १९६७ या काळातलं. कामाचं टेबल आणि फळ्यांची मांडणी एकत्र, त्यावर वर्षानुवर्षं साठत गेलेल्या वस्तू. प्रयोगशाळा आणि अडगळीची खोली यांच्या मधली ही जागा आहे. घाई न करता एकेक फळी बघावी, कारण पुढे सगळीकडे भेटणारं साहित्य इथे कच्च्या रूपात दिसतं.

दुपारपर्यंत हे आटोपतं. मग क्रेफेल्डहूनच आरई १० ही गाडी धरून क्लेवे.

बुधवार : क्लेवे आणि मॉयलंड

क्लेवेच्या आसपासचा मुलूख सपाट. ओली कुरणं, छाटलेल्या विलोंच्या रांगा, गाई, खाली उतरलेलं आभाळ. मे महिना असला तरी सकाळी जॅकेट लागतं आणि दिवसातून दोनदा तरी पाऊस येऊन जातो. बॉइस इथल्याच रिंडर्न भागात वाढला. ससे, हंस, हरणं, मधमाश्या हे त्याच्या चित्रांतलं प्राणिजगत इथलंच, त्यासाठी गूढविद्येच्या पुस्तकांकडे पहिली धाव घेण्याची गरज नाही.

गावातलं कुरहाउस संग्रहालय म्हणजे जुनी आरोग्यस्नानाची इमारत. बॉइसचा स्टुडिओ १९५७ ते १९६४ या काळात इथे होता. २०१२ मध्ये ती जागा दुरुस्त करून संग्रहालयाचा भाग म्हणून खुली झाली. याच संग्रहालयात शिल्पकार एवाल्ड माटारे याच्या कामांचा मोठा संग्रह आहे आणि तो आधी बघावा. ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत १९४६ साली दाखल झालेला बॉइस सुरुवातीला योझेफ एन्सेलिंगच्या हाताखाली होता, मग माटारेच्या वर्गात गेला. कोलोनच्या कॅथेड्रलच्या दक्षिण दारांवर माटारेबरोबर त्याने काम केलं. माटारेच्या लाकडी गाई नीट पाहा: पाठीची एक रेघ, पोटाचा एक फुगवटा, बाकी सगळं काढून टाकलेलं. अनावश्यक ते काढत जाण्याची शिस्त बॉइसला इथून मिळाली. हा शिल्पकार फक्त वस्तू रचून ठेवतो, असं म्हणणाऱ्यांनी या गाई बघून मग मत बनवावं.

विमान अपघाताची कथा इथेच बाजूला ठेवलेली बरी. मार्च १९४४ मध्ये क्रिमियात बॉइस ज्यात होता ते लढाऊ विमान कोसळलं, हे खरं. तातार लोकांनी त्याला चरबी चोपडून फेल्टमध्ये गुंडाळून वाचवलं, हे तो स्वतः सांगत आला आणि कॅटलॉगांनी ते उचललं. लष्करी नोंदींप्रमाणे मात्र जर्मन शोधपथकाने त्याला उचललं आणि दुसऱ्याच दिवशी, १७ मार्चला, तो लष्करी इस्पितळात दाखल झाला. चरबी आणि फेल्ट हे साहित्य त्याने का घेतलं, याचं उत्तर त्या कथेपेक्षा साहित्यातच चांगलं मिळतं. चरबी उष्णतेने पातळ होते, थंडीत तुपासारखी थिजते. फेल्ट ऊब आणि आवाज धरून ठेवतं. आकार म्हणजे तापमानाचा प्रश्न, हा त्याचा मूळ धडा. पुढच्या प्रत्येक दालनात तो कामी येतो.

मॉयलंडचा किल्ला क्लेवेपासून साधारण दहा किलोमीटरवर. काल्कारच्या दिशेने जाणारी बस आहे, पण रस्ता सपाट आहे आणि सायकलीसाठी वेगळी वाट आहे, तेव्हा क्लेवेत सायकल भाड्याने घ्यावी. जाताना वारा समोरून असेल तर वेळ दीडपट धरा. खंदकाच्या पाण्यात उभा असलेला हा लाल विटांचा किल्ला १९४५ च्या लढाईत उद्ध्वस्त झाला आणि १९९७ मध्ये संग्रहालय म्हणून उघडला. याच किल्ल्यात १७४० साली प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसरा आणि फ्रेंच लेखक व्होल्टेअर पहिल्यांदा भेटले होते.

इथला संग्रह हान्स आणि फ्रान्झ योझेफ फान डेर ग्रिंटन या भावांचा. क्रानेनबुर्गच्या शेतकरी घरातले हे दोघे. १९५३ मध्ये बॉइसचं पहिलं प्रदर्शन त्यांच्या घरात भरलं. पुढे तो खोल नैराश्यात गेला, तेव्हा १९५७ मध्ये काही महिने त्यांच्याच शेतावर राहिला, शेतात राबला, चित्रं काढत राहिला. मॉयलंडमध्ये त्याच्या हजारो कामांचा साठा आणि अभिलेखागार आहे, त्यात सर्वांत जास्त कागदावरची कामं. पेन्सिल, जलरंग आणि एक गंजासारखा तपकिरी रंग, जो त्याच्या कागदांवर वारंवार भेटतो. कागद जपायला दिवे मंद ठेवलेले असतात. डोळे सरावायला वेळ द्यावा, आणि चष्मा विसरू नये.

जेवणाचं: एप्रिलच्या मध्यापासून २४ जूनपर्यंत पांढऱ्या शतावरीचा, श्पार्गेलचा मोसम असतो. या भागात ती भरपूर पिकते. उकडलेली शतावरी, नवे बटाटे, वितळलेलं लोणी किंवा हॉलंडेझ सॉस. शाकाहारी असाल तर मागवताना ‘हॅमशिवाय’ असं आधीच सांगावं, नाहीतर बाजूला हॅमच्या चकत्या येतातच. हॉलंडेझमध्ये अंडं असतं, तेही लक्षात ठेवा.

गुरुवार : ड्युसेलडॉर्फ, अकादमी

अकादमीची इमारत जुन्या शहराच्या कडेला, ऱ्हाईनपासून चालत पाच मिनिटांवर. बॉइस १९६१ मध्ये इथे भव्यशिल्पाचा प्राध्यापक झाला. एरवी आत हिंडता येत नाही. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत ‘रुंडगांग’ असतो, तेव्हा काही दिवस विद्यार्थ्यांचे स्टुडिओ सगळ्यांना खुले होतात. थंडी सोसायची तयारी असेल तर प्रवासाची तारीख त्यावरूनच ठरवावी.

त्याचं शिकवणं कसं चालायचं? दिवसभर वर्गात हजर राहायचा, सुट्टीतसुद्धा यायचा. एकेका कामासमोर उभं राहून साहित्याबद्दल विचारायचा: हे लाकूड का, हे वजन कुठे चाललंय, हा सांधा काय धरून ठेवतो. त्याशिवाय गोलात बसून तासन्‌तास चालणाऱ्या चर्चा, ‘रिंगगेश्प्रेख’. या वर्गातून निघालेले लोक एकमेकांसारखे अजिबात नाहीत, आणि शिक्षक म्हणून त्याला पूर्ण गुण द्यावेत ते यासाठी. ब्लिंकी पालेर्मो रंगाच्या पट्ट्यांकडे गेला, इमी क्नोबेल हार्डबोर्डच्या थप्प्यांकडे, योर्ग इमेनडॉर्फ राजकीय चित्रांकडे, काथारिना झीफरडिंग भल्यामोठ्या छायाचित्रांकडे. त्यांच्यातल्या कुणी चरबी आणि फेल्ट घेऊन गुरूची नक्कल केली नाही.

अकादमीशी त्याचं भांडण प्रवेशावरून झालं. ज्याला शिकायचंय त्याला निवडप्रक्रियेने अडवू नये, हे त्याचं म्हणणं. १९७१ मध्ये प्रवेश नाकारलेल्या १४२ अर्जदारांना त्याने आपल्या वर्गात घ्यायचं ठरवलं, विद्यार्थ्यांसह कार्यालयात ठाण मांडलं आणि त्या वेळी काही प्रमाणात मागणी मान्य झाली. ऑक्टोबर १९७२ मध्ये पुन्हा तेच केल्यावर राज्याचे विज्ञानमंत्री योहानेस राऊ यांनी त्याला बडतर्फ केलं. हेच राऊ १९९९ मध्ये जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष झाले. बडतर्फीनंतर वर्षभराने, २० ऑक्टोबर १९७३ ला, त्याचा विद्यार्थी अनाटोल (हा पेशाने पोलीस) याने झाडाच्या खोडातून कोरलेल्या होडीत बसवून बॉइसला ओबरकासेलच्या काठावरून ऱ्हाईनपार अकादमीच्या बाजूला आणलं. ओबरकासेलचा पूल पायी ओलांडला की ही जागा नीट समजते. नदी रुंद आहे, पाण्याला ओढ आहे, मालवाहू बार्जेस सारख्या चालू असतात. खोडाच्या होडीतून हे पार करणं सोपं नव्हतं.

खटला १९७८ पर्यंत चालला. कामगार न्यायालयात बडतर्फी बेकायदेशीर ठरली. तडजोडीत त्याला प्राध्यापक ही पदवी आणि अकादमीतली ३ नंबरची खोली वापरायचा हक्क मिळाला, नोकरी मात्र परत मिळाली नाही. याच खोलीत त्याने एप्रिल १९८२ मध्ये छताजवळच्या कोपऱ्यात पाच किलो लोणी थापून ‘फेटएके’ (चरबीचा कोपरा) केलं. २३ जानेवारी १९८६ ला तो वारला आणि त्याच वर्षी सफाईत ते खरवडून टाकलं गेलं. योहानेस श्ट्युटगेन या विद्यार्थ्याने दावा लावला आणि राज्य सरकारला ४०,००० मार्क भरपाई द्यावी लागली.

संध्याकाळी जुन्या शहरात आल्टबियर. पेला पाव लिटरचा किंवा त्याहून लहान असतो. वेटरला ‘क्योबेस’ म्हणतात, तो विचारत नाही, रिकामा पेला दिसला की भरलेला ठेवतो आणि पेल्याखालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने एक रेघ मारतो. पुरे झालं की पुठ्ठा पेल्यावर झाकण म्हणून ठेवायचा. सोबत राईबेकूखन, म्हणजे किसलेल्या बटाट्याची तळलेली धिरडी, सफरचंदाच्या गोड मुरंब्याबरोबर. शाकाहाऱ्यांची इथे छान सोय होते.

शुक्रवार : के २०, एक काळा पाइप आणि ब्युडरिश

के २० संग्रहालयात ‘पालाझ्झो रेगाले’ आहे, १९८५ च्या डिसेंबरात नेपल्समध्ये मांडलेलं, म्हणजे मृत्यूच्या महिनाभर आधीचं. भिंतींवर सोनेरी झाक असलेले सात पितळी पत्रे, मध्ये दोन काचपेट्या. सोन्याची भुकटी मिसळलेल्या वार्निशमुळे पत्रे पुसट आरशासारखे झालेत, त्यात स्वतःची धूसर आकृती दिसते. काचेवर दुसरीकडचा दिवा चमकत असेल तर दोन पावलं बाजूला सरकून बघावं. चौकाच्या पलीकडे कुन्स्टहालं हे प्रदर्शनगृह आहे. तिच्या काँक्रीटच्या भिंतीतून शेगडीचा एक काळा पाइप बाहेर आलेला आहे. तोही बॉइसचाच, १९८१ चा. पाटी बघत जाणाऱ्यांच्या तो नजरेतून सुटतो.

अर्धा दिवस ब्युडरिशसाठी ठेवावा. क्रेफेल्डकडे जाणारी यू ७६ तिथून जाते. जुन्या चर्चचा उरलेला मनोरा हे महायुद्धांतल्या मृतांचं स्मारक आहे. त्यासाठी ओकची जड दारं आणि आतला ओकचाच क्रॉस बॉइसने क्लेवेच्या स्टुडिओत केला, १९५९ मध्ये काम पुरं झालं. दारावर हात ठेवून बघता येतो. पटाशीचे घाव, लाकडाच्या रेषेबरोबर जाणारे आणि मुद्दाम तिला छेदणारे, दोन्ही बोटांना कळतात. मनोऱ्याचं आतलं दार कधी उघडं असतं ते आधी विचारून जावं.

शनिवार : डार्मश्टाट

या सगळ्या प्रवासात एकच दिवस हाती असेल तर तो इथे द्यावा. हेसच्या राज्य संग्रहालयातला ‘ब्लॉक बॉइस’ म्हणजे सात दालनं. उद्योगपती कार्ल श्ट्र्योअर याने १९६७ मध्ये म्योन्शेनग्लाडबाखच्या प्रदर्शनातलं काम विकत घेतलं आणि १९७० पासून बॉइसने ते इथे मांडलं. मरेपर्यंत येऊन तो भर घालत, जागा बदलत राहिला.

इथे ‘फोंड ३’ हे काम भेटतं: फेल्टच्या शंभर-शंभर तुकड्यांच्या नऊ थप्प्या, प्रत्येक थप्पीवर तांब्याचा पत्रा. तांबं वाहक, फेल्ट रोधक. विद्युतघटाची रचना आहे ही, फक्त त्यातून वीज येत नाही. थप्प्यांच्या मधून हळू चालत जा, पावलांचा आवाज मरतो. १९६४ ची चरबीची खुर्ची काचेच्या पेटीत आहे, चरबी आता काळसर आणि आक्रसलेली.

इथे संग्रहालयाच्या तंत्राचा भाग समजून घेण्यासारखा आहे. चरबी हवेतल्या प्राणवायूने खवट होते, तिच्यातली आम्लं लाकडात आणि कागदात झिरपतात, तांब्यावर हिरवं किटण आणतात. तापमान थोडं वाढलं की कडा गोल होतात, धूळ चिकटते. फेल्ट लोकरीचं, म्हणजे कसर आणि गालिच्यातले भुंगेरे यांना मेजवानी. अशा वस्तू कीडमुक्त करायला गोठवतात किंवा प्राणवायू काढून घेतलेल्या बंद आवरणात ठेवतात. पण फेल्टला चरबी लागलेली असेल तर गोठवताना जपावं लागतं, ती तडकते. ‘नव्यासारखं करा’ हा पर्यायच नाही, कारण बदलणं हे कामातच आहे. मग थांबवायचं कुठे? इमारतीची दुरुस्ती होऊन २०१४ मध्ये दालनं उघडली तेव्हा भिंतींवरचं जुनं तागाचं कापड जाऊन पांढऱ्या भिंती आल्या. त्यावर बराच वाद झाला. आमच्या मते ते कापड राहायला हवं होतं. बॉइसने त्या तपकिरी पार्श्वभूमीवर वस्तू ठेवल्या होत्या आणि पांढऱ्यावर त्या सुट्या सुट्या दिसतात.

काचपेट्यांच्या दालनात ‘आउशविट्झ डेमोन्स्ट्रात्सिओन’ आहे, १९५६ ते १९६४ मधल्या वस्तू: विजेच्या शेगड्या, त्यांवर चरबीचे ठोकळे, वाळलेला उंदीर, आउशविट्झच्या नाझी छावणीचा नकाशा. स्पष्टीकरणाची पाटी शोधू नये. शिक्षक इथे मुद्दामच गप्प राहिलाय.

संध्याकाळी हिरवा सॉस, ग्र्युने झोसं: सात ताज्या पाल्यांचा, थंड, उकडलेल्या बटाट्यांवर आणि अंड्यांवर. उन्हाच्या दिवशी याहून बरं काही नाही.

रविवार : कासेल, नोए गॅलरी

फ्रँकफर्टमार्गे कासेल-विल्हेल्म्सह्योए स्टेशनावर उतरावं, आयसीई तिथेच थांबते. नोए गॅलरीतलं ‘दास रुडेल’ (कळप) १९६९ चं: जुनी फोक्सवागेन व्हॅन आणि तिच्या मागच्या दारातून ओघळलेल्या २४ लाकडी घसरगाड्या. प्रत्येकीवर फेल्टची वळकटी, एक टॉर्च, चरबीचा गोळा. ऊब, दिशा, अन्न. संकटात माणसाला लागणारं एवढंच. पट्टा कसा आवळलाय, टॉर्चचं तोंड कुठे आहे ते एकेका गाडीवर पाहा, रांगेला वेग कुठून येतो ते कळतं.

कासेलमध्ये बॉइसची शाळा रस्त्यावर आली. १९७२ च्या डॉक्युमेंटात, म्हणजे इथे दर काही वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनात, त्याने थेट लोकशाहीचं कार्यालय उघडलं आणि शंभर दिवस टेबलावर गुलाब ठेवून येईल त्याच्याशी वाद घातला. १९७७ ला फ्रीडेरिसियानुमच्या इमारतीत नळ्यांमधून मध फिरवणारा पंप आणि त्याच्या भोवती बॉइसनेच काढलेल्या मुक्त आंतरराष्ट्रीय विद्यापीठाच्या चर्चा. प्रवेशपरीक्षा नाही, हजेरी नाही. ज्यासाठी नोकरी गेली, तेच त्याने इथे करून दाखवलं.

सोमवार : सात हजार झाडं

संग्रहालयं बंद, झाडं उघडी. १६ मार्च १९८२ ला बॉइसने फ्रीडेरिसियानुमसमोर पहिला ओक लावला. मैदानात बसाल्टचे ७,००० खांब पाचरीच्या आकारात रचले होते आणि अट एकच: झाड लावल्याशिवाय खांब हलवायचा नाही. झाड आणि दगड मिळून ५०० मार्क. ढीग जाईपर्यंत शहराला तो दिसत राहणार, म्हणजे काम किती उरलं याचा हिशेब सगळ्यांसमोर. पैसे कमी पडले तेव्हा त्याने जपानी व्हिस्कीच्या जाहिरातीत काम केलं. शेवटचं झाड १२ जून १९८७ ला त्याचा मुलगा व्हेन्झेल याने पहिल्याच्या शेजारी लावलं. बॉइसला जाऊन तेव्हा दीड वर्ष होत आलं होतं.

अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिलेल्यांना हा दगड ओळखीचा वाटेल. लाव्हा थंड होताना आक्रसतो, तडे पडतात आणि सहाकोनी खांब सुटतात. कासेलचे खांब जमिनीवर साधारण सव्वा मीटर. लावताना रोप बारीक आणि दगड भारी होता. आता खोडाने दगडाला केव्हाच मागे टाकलंय, आणि हे प्रमाण बदलत जाणं हेच शिल्प.

ओळखायची खूण सोपी: रस्त्याकडेचं झाड आणि बुंध्याला लागून काळा खांब. सगळे ओक नाहीत. लिंडन, प्लेन, अॅश, मॅपल, चेस्टनट, गिंको असे बरेच आहेत, कारण शहराच्या मातीत आणि जागेत काय जगेल ते पाहूनच निवड झाली. ७००० आयशेन (सात हजार ओक) फाउंडेशनच्या संकेतस्थळावर झाडांची नोंद आहे, एखादा मोहल्ला निवडून दोन तास चालावं. खांब कललेला दिसला तर खाली मूळ असतं किंवा कधीतरी मोटारीची धडक. नुसता खांब असेल तर झाड गेलंय आणि बदली यायचंय. फूटपाथ उखडणं, मातीचं दडपलं जाणं, हिवाळ्यात टाकलेलं मीठ, गॅस-पाण्याच्या पाइपांसाठी खणलेले चर, ही नेहमीची दुखणी. त्यात अॅशला बुरशीचा रोग आणि कोरडे उन्हाळे. दुसऱ्या महायुद्धात जळून पुन्हा रुंद रस्त्यांनी बांधलेल्या या शहरात १९८२ साली पार्किंग जाणार म्हणून लोक चिडले होते. २००५ पासून ही झाडं शहराचा संरक्षित वारसा आहेत.

एका घरासमोर पानं झाडणाऱ्या आजी खांबावर केरसुणी टेकवून म्हणाल्या, “आमच्या वडिलांनी पैसे भरले होते. पाणी अजून आम्हीच घालतो.”

वेळ दोनच दिवस असेल तर डार्मश्टाट आणि कासेल करावं, दोन्ही फ्रँकफर्टपासून रेल्वेने सोयीचे. एक रविवार, एक सोमवार, याच क्रमाने. तिसरा दिवस मिळाला तर तो ड्युसेलडॉर्फला, आणि सायकल चालवता येत असेल तर मॉयलंडला. मे-जूनमध्ये गेलात तर झाडांना पूर्ण पालवी असते. दगड मात्र हिवाळ्यात जास्त स्पष्ट दिसतात.